मुक्तस्रोत आज्ञावली आणि विज्ञानाचा वर्ग



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण संस्थेने मला दिले, याबद्दल प्रथम मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो. ज्या शाळेत मुळाक्षरे गिरवली तिथेच वयाच्या सत्तरीनंतर व्याख्याता म्हणून उभे राहताना आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटतो. त्यातून आजचा विषय विज्ञानाच्या अध्यापनाचा आणि संगणकाचा. मी जन्मभर मराठी शिकवली. संतकाव्य आणि व्याकरण यांपलीकडे माझी फारशी धाव गेली नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे.

अधिकार असा काही नाही. निमित्त मात्र आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेचे विज्ञानशिक्षक माझ्या घरी एक कागद घेऊन आले. संगणकावर करावयाच्या काही प्रयोगांमध्ये येणारे साठ-सत्तर इंग्रजी शब्द त्यावर लिहिलेले होते. ‘सर, शनिवारच्या विज्ञानवर्गात मराठी घरांतली मुलं येतात. त्यांच्यासाठी हे शब्द मराठीत करून द्याल का?’ असे त्यांनी विचारले. दोन संध्याकाळींचे काम, असे मला वाटले. परंतु त्या कामात माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीने मला जे शिकवले तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

१. करून पाहण्याची परंपरा

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींच्या तासाला प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एक लाकडी पेटी होती. तिच्यात सुतळी, दगड, मेणबत्त्या, भिंग आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या असत. आम्ही प्रश्न विचारला की गुरुजी म्हणत, ‘ठाऊक नाही, करून पाहू.’ त्यांना पुष्कळदा उत्तर ठाऊक असे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

याच विचाराचा एक मोठा प्रयोग आपल्या मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक ग्रामीण शिक्षकांबरोबर बसून पाठ तयार करीत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ साली त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. मुले टोळ्या करून प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतःच्या भाषेत लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्र लिहून वाटेल तो प्रश्न विचारीत, आणि त्यांना उत्तर जाई.

गुरुजींच्या आग्रहाने मी एकदा त्यांच्याबरोबर तिकडची एक शाळा पाहायला गेलो होतो. अंकुरलेल्या बियांचा पाठ चालू होता. एका मुलीने विचारले, ‘बी उलटी पेरली तर मूळ वर येईल का?’ शिक्षक म्हणाले, ‘मी कधी पेरून पाहिली नाही. आज पेरून ठेवू.’ परतताना गाडीत गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘ह्या मास्तरने आज विज्ञान शिकवलं.’

राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. होशंगाबादचे नावही २०२२ मध्ये नर्मदापुरम् झाले. परंतु प्रश्नापासून आरंभ करून निरीक्षण, तर्क आणि पडताळा या मार्गाने उत्तरापर्यंत जाणे, ज्याला आज शोधाधिष्ठित अध्ययन म्हणतात, ते संगणकाशिवायही उत्तम होऊ शकते, एवढे त्या तीस वर्षांनी दाखवून दिले. मग संगणक हवा कशाला? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

२. आभासी प्रयोग म्हणजे काय

आपल्या शाळेच्या शनिवारच्या वर्गातला एक पाठ सांगतो. शिक्षकांनी खिडकीच्या गजाला सुतळी बांधून तिच्या टोकाला दगड लोंबकळत ठेवला आणि विचारले, ‘दगड अधिक जड घेतला तर झोका लवकर पूर्ण होईल की उशिरा?’ बहुतेकांचे हात ‘लवकर’च्या बाजूने वर झाले. मुलांनी दहा-दहा झोके मोजले. दगड हलका असो की जड, वेळ जवळजवळ तितकाच. मग सुतळीची लांबी बदलली. पाव मीटर लांबीला दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद लागले आणि एक मीटर लांबीला सुमारे २० सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. येथपर्यंत संगणकाची गरज पडली नाही.

पुढे एका मुलाने विचारले, ‘चंद्रावर किती वेळ लागेल?’ आता सुतळी आणि दगड थांबले. चंद्रावर जाणे शाळेला शक्य नाही. खोलीतली हवा काढून घेणेही शक्य नाही. अशा ठिकाणी आभासी प्रयोग उपयोगी पडतो. संगणकाच्या पडद्यावर तसाच लंबक असतो. त्याची लांबी, वस्तुमान, घर्षण आणि गुरुत्वाकर्षण मुलाने आपल्या हाताने बदलावे आणि काय घडते ते मोजावे. पडद्यावर मोजपट्टी असते, थांबते घड्याळ असते. एक मीटरचा लंबक पृथ्वीवर २ सेकंदांत झोका पूर्ण करतो. त्यालाच चंद्रावर जवळजवळ ५ सेकंद लागतात आणि गुरूवर सव्वा सेकंद. घर्षण शून्यावर आणले की तो थांबतच नाही. यादीत एक अनोळखी ग्रहही आहे. त्याचे गुरुत्वाकर्षण सांगितलेले नसते. झोके मोजून मुलांनी ते शोधून काढायचे असते.

हा प्रयोग अमेरिकेतील बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातला आहे. तो २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ सालच्या विचारातून पुढे आइन्स्टाइन यांनी ज्या विलक्षण द्रव्यस्थितीचे भाकीत केले, ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्याबद्दल वीमन यांना २००१ मध्ये दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढ्या मानानंतर त्यांनी आपले लक्ष वर्गातल्या अध्यापनाकडे वळवले, ही गोष्ट आम्हां अध्यापकांना धीर देणारी आहे. या प्रयोगांत सूचनांचा भडिमार नसतो. मुलाने हात लावावा, काहीतरी घडावे, आणि घडलेल्यातून पुढचा प्रश्न उठावा, अशी त्यांची रचना असते.

पाठ्यपुस्तक सांगत नाही ते येथे कसे सापडते, त्याचे एक उदाहरण देतो. झोका लहान असो वा मोठा, वेळ तोच, असे गॅलिलिओ समजत असे. पिसाच्या चर्चमध्ये हेलकावणारे झुंबर पाहून त्याला ते सुचले, अशी आख्यायिका आहे. वर्गातल्या एका मुलाने पडद्यावरचा लंबक पार आडवा, म्हणजे ९० अंशांपर्यंत, ओढून सोडला. दहा झोक्यांना २० ऐवजी जवळजवळ २४ सेकंद भरले. ‘सर, संगणक बिघडला!’ असे तो ओरडला. शिक्षकांनी खुलासा केला नाही. पुन्हा खिडकीकडे बोट दाखवले. मुलांनी खरी सुतळी ६० अंशांपर्यंत ओढून मोजले, तर तेथेही सेकंदभर वेळ जास्तच आला. संगणक बिघडला नव्हता. झोका फार मोठा झाला की वेळ वाढतो, हे सतराव्या शतकात हॉयगेन्सने दाखवले. १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बनवणारा तोच. आपल्या इंदूरच्या मुलांनी ते एका शनिवारी शोधले.

३. फुकट आणि मुक्त

आता ‘मुक्तस्रोत’ या शब्दाकडे वळू. संगणकाला काम करायला लावणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात; बोलताना आपण सॉफ्टवेअर म्हणतो. माणूस ती ज्या वाचनीय रूपात लिहितो तो तिचा स्रोत. विकत मिळणाऱ्या पुष्कळ आज्ञावलींमध्ये हा स्रोत झाकलेला असतो. वस्तू वापरता येते. ती आतून कशी आहे ते पाहता येत नाही, तिच्यात बदल करता येत नाही, दुसऱ्याला प्रत देता येत नाही.

याविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, अशी चार स्वातंत्र्ये त्यांच्या विचारात आहेत. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ पासून रूढ झाला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे तेथे फार घोटाळा झाला. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा भेद आपण जपला पाहिजे. जाहिरातदार फुकट वस्तू देतो. तो आपल्याला मुक्त करतो असे नव्हे.

मराठीच्या अध्यापकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या पोथ्या हाताने उतरवून घेतल्या जात. ज्याला हवी त्याने प्रत करावी. त्यामुळे ग्रंथ गावोगाव गेले, आणि त्याचमुळे त्यांत अपपाठही शिरले. तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असेही बजावले. प्रती करण्याचे स्वातंत्र्य, चुकांचा धोका आणि एकत्र बसून केलेली शुद्धी, या तिन्ही गोष्टी मुक्त आज्ञावलीच्या जगात आजही तशाच आहेत. मात्र काव्य एकाचे असते, तिथे नाथांचा इशारा शोभतो. शाळेच्या साधनात प्रत्येक गावाने आपली भर घालावी, अशी अपेक्षाच आहे.

व्यवहारातला फरक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एका कंपनीकडून विज्ञानाच्या शैक्षणिक तबकड्यांचा मोठा संच घेतला होता. चित्रे सुरेख होती. पुढे शाळेचे संगणक बदलले आणि त्या तबकड्या चालेनाशा झाल्या. कंपनीला पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. स्रोत आमच्या हाती नसल्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस घरचा असूनही काही करू शकला नाही. तो संच आज ग्रंथालयाच्या कपाटात आहे. काळाचा हा फटका मुक्त साधनांनाही बसतो. फेटचे जुने प्रयोग जावा आणि फ्लॅश या तंत्रांवर लिहिलेले होते. फ्लॅशला २०२० च्या अखेरीस कायमची विश्रांती मिळाली. परंतु तोवर त्यांपैकी पुष्कळ प्रयोग साध्या ब्राउझरमध्ये चालतील अशा रूपात नव्याने लिहिले गेले होते. त्यांचा स्रोत सार्वजनिक भांडारात ग्नू परवान्याखाली ठेवलेला आहे. प्रयोग उतरवून घेऊन इंटरनेट नसतानाही चालवता येतो, आणि जगातल्या कित्येक भाषांत स्वयंसेवकांनी त्यांची भाषांतरे केली आहेत. मराठीही त्यांत आहे. आपल्या देशात केरळ राज्याने सरकारी शाळांतून मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला आणि शिक्षकांना त्यांचे शिक्षण दिले.

४. लोलकाची गोष्ट

आता माझ्या चुकीकडे येतो.

शिक्षकांनी दिलेल्या कागदावर दोन शब्द होते: ‘पेंड्युलम’ आणि ‘प्रिझम’. महाराष्ट्रातील मान्य परिभाषा मी प्रमाण मानली. पहिल्याला लंबक आणि दुसऱ्याला लोलक. यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. शाळेचा एक माजी विद्यार्थी संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने स्रोत उतरवून घेऊन माझे शब्द घातलेली प्रत शाळेसाठी तयार केली.

पुढच्या शनिवारी प्रकाशाच्या वक्रीभवनाचा प्रयोग होता, आणि मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर ‘लोलक’ असे नाव असलेला भाग उघडला. काचेचे त्रिकोण, चौकोन दिसू लागले. सहावीतली एक मुलगी बराच वेळ ते त्रिकोण इकडून तिकडे ओढत होती. मग तिने हात वर केला. ‘सर, ह्यात लोलक कुठं आहे? हा तर हलतच नाही.’

मुले हसली. मी न राहवून उठलो आणि सर्वांसमोर सांगितले, ‘बाळ, हाच लोलक. मराठीत ह्याला लोलकच म्हणतात. नीट लक्ष दे.’ ती खाली बसली. त्या तासाला तिने पुन्हा हात वर केला नाही.

घरी आल्यावर मला चैन पडेना. मध्य प्रदेशातल्या मुलांची विज्ञानाची पुस्तके हिंदीत असतात आणि हिंदीत ‘सरल लोलक’ म्हणजे साधा लंबक! मुलीने शाळेत शिकलेला शब्द बरोबर ओळखला होता आणि हलणारी वस्तू शोधत होती. निरीक्षण तिचे अचूक होते. चुकीचा होता तो माझा आविर्भाव. जुन्या मित्रांना दूरध्वनी केले. बडोद्याच्या मित्राने सांगितले, गुजरातीतही लोलक म्हणजे लंबकच. बेळगावच्या मित्राने सांगितले, कन्नडमध्ये तेच. हैदराबादहून कळले की तेलुगूतले ‘लोलकम्’ही झोके घेणारेच. म्हणजे महाराष्ट्राच्या सभोवती शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाला लोलक हा शब्द एका अर्थाने भेटतो आणि मराठी परिभाषेत अगदी दुसऱ्याच. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाला जी अडचण कधी येणार नाही, ती इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव आणि हैदराबाद येथील मुलाला हमखास येणार.

मग मराठीने हा वेगळा रस्ता कसा धरला? ‘लोल’ म्हणजे हलणारे, चंचल. कानातल्या दागिन्याला लोंबणारा मणी तो लोलक. वाड्यांतल्या झुंबरांना ज्या पैलूदार काचा लोंबत त्याही लोलकच. त्या काचांतून ऊन भिंतीवर पडले की रंग उमटत. रंग दाखवणारी पैलूदार काच म्हणून ते नाव मराठीत प्रिझमला चिकटले असावे, असे मला वाटते. इतर भाषांनी लोंबण्याकडे पाहिले, मराठीने काचेकडे. कोणीही चुकले नाही.

पुढच्या शनिवारी मी वर्गापुढे उभा राहिलो आणि सांगितले की मागच्या वेळी चूक माझी झाली. प्रश्न विचारणारीचे बरोबर होते. मुलांना हा प्रकार नवा असावा, कारण वर्ग एकदम शांत झाला. मग मी झुंबराची गोष्ट सांगितली. ती मुलगी आजीच्या कानातल्याविषयी काहीतरी पुटपुटली आणि हळूच हात वर करून म्हणाली, ‘पण सर, काचेतून रंग येतात कुठून? ते काचेत असतात की उन्हात?’

शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मला उत्तर ठाऊक होते. परंतु या वेळी मला गुरुजी आठवले आणि मी म्हणालो, ‘करून पाहू.’ पडद्यावर तिने पांढऱ्या प्रकाशाचा झोत काचेवर सोडला, रंगांचा पट्टा पाहिला. मग एकाच रंगाचा झोत सोडला. तो वळला, पण त्यातून दुसरे रंग निघाले नाहीत. ‘म्हणजे उन्हात असतात,’ ती म्हणाली. मी एवढेच विचारले, ‘खात्री कशी करशील?’ त्यावर वर्गात जे वादंग झाले ते लिहीत बसलो तर पुस्तिका पुरणार नाही.

त्याच संध्याकाळी माजी विद्यार्थ्याने शाळेच्या प्रतीत शब्द बदलले. प्रिझमच्या जागी मुलांनीच सुचवलेले ‘त्रिकोणी काच’ आले, आणि लंबकाच्या शेजारी कंसात लोलक. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत, आणि महाराष्ट्रात चालणाऱ्या प्रतीला धक्काही लागला नाही. स्रोत मुक्त असणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या संध्याकाळी अधिक समजले. एका सहावीतल्या मुलीच्या प्रश्नाने साधन बदलले. झाकलेल्या पेटीपुढे तिचा प्रश्न फक्त चूक ठरला असता.

५. मर्यादांचा विचार

कौतुक करताना तोल जाऊ नये, म्हणून तीन गोष्टी आवर्जून सांगतो.

पहिली अशी की आभासी प्रयोग म्हणजे निसर्ग नव्हे. पडद्यावरचा लंबक माणसाने लिहिलेल्या समीकरणाप्रमाणे हलतो; तो कधी चुकत नाही, त्याची सुतळी तुटत नाही, गाठ सैल होत नाही. खऱ्या प्रयोगात ज्या अडचणी येतात त्यांतूनच मोजमापाचा विवेक येतो. म्हणून शक्य असेल तेथे आधी दगड-सुतळी आणि मग पडदा, हा आपल्या शिक्षकांचा क्रम मला योग्य वाटतो. दोहोंना जोडणारी साधनेही आहेत. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने ‘फिनिक्स’ प्रकल्पातून ‘एक्सप-आइज’ नावाची एक लहान पेटी तयार केली आहे. ती संगणकाला जोडली की खऱ्या लंबकाचा काळ, तारेतला विद्युतदाब, आवाजाची कंप्रता मोजता येते. तिची आज्ञावली मुक्त आहे आणि पेटीची रचनाही उघडी आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. मूल पडद्यावर नुसती बटणे दाबत राहिले तर तो खेळ होतो, शोध होत नाही. आधी अंदाज सांग, मग करून पाहा, मग अंदाज का चुकला ते सांग, असे म्हणणारा शिक्षक हवा. त्याहून कठीण म्हणजे योग्य वेळी गप्प बसणारा शिक्षक हवा. मी त्या शनिवारी गप्प बसू शकलो नाही, आणि एका मुलीचे जवळजवळ आठ दिवसांचे प्रश्न गमावले.

तिसरी गोष्ट खर्चाची. आज्ञावली मोफत मिळाली तरी संगणक, वीज, दुरुस्ती आणि शिक्षकाचा वेळ मोफत मिळत नाही. मुक्त साधन सार्वजनिक विहिरीसारखे असते. पाणी सर्वांचे; पण गाळ उपसायला कोणीतरी उतरावे लागते.

६. समारोप

मराठीत विज्ञान आणण्याचा खटाटोप आजचा नाही. १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले, आणि त्यात शास्त्रीय विषय मराठीत मांडले. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद काम करीत आहे. हे सर्व ऋण मान्य करूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाच्या कानावर कोणते शब्द पडतात, याची नोंद तेथे बसून कोणी घेऊ शकणार नाही. ती आपणच घेतली पाहिजे.

आपल्या समाजात आज मराठी कोठे उरली आहे? गणेशोत्सवात, नाट्यप्रयोगांत, लग्नाच्या पत्रिकेत आणि स्वयंपाकघरात. ही ठिकाणे मला प्रिय आहेत. परंतु मुलाला कुतूहल वाटले, की प्रश्न विचारण्यासाठी त्याला आपली भाषा बाजूला ठेवावी लागत असेल, तर ती भाषा त्याच्याजवळ केवळ आजी-आजोबांची आठवण म्हणून राहील. ज्या भाषेत मूल ‘असे का?’ विचारते, तीच भाषा त्याच्याबरोबर मोठी होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. देणगी आपण देताच. या वेळी थोडे श्रम द्यावेत. संगणक जाणणाऱ्यांनी शाळेची प्रत सांभाळावी. निरनिराळ्या गावी असलेल्यांनी तेथील मराठी मुले विज्ञानाचे कोणते शब्द वापरतात ते वहीत टिपून पाठवावे. आणि निवृत्त मंडळींनी एखाद्या शनिवारी मागच्या बाकावर येऊन बसावे. मात्र उत्तर ठाऊक असले तरी घाईने उठू नये. शब्दांची एक वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयात उघडून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘लोलक’ हा शब्द आहे आणि त्यापुढे, तिचे अक्षर अजून लहान मुलीचे असले तरी, ज्या विद्यार्थिनीने तो आम्हांला शिकवला तिची सही आहे.

गुरुजींच्या त्या लाकडी पेटीला कुलूप कधीच नव्हते. ज्याला हवे त्याने सुतळी घ्यावी, भिंग घ्यावे, काम झाले की परत ठेवावे, आणि जमल्यास एखादी वस्तू आपली भर म्हणून टाकावी, असा त्यांचा नियम होता. मुक्तस्रोत हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.